उन्हाळ्यातील पाहुणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला विषय दिला तो 'आतिथ्य'. विषय फार मोठा. त्यावर रीतसर बोलू लागले तर विदुराघरच्या कण्यांपासून सुरुवात करावी लागेल आणि तोवर आतला मसालेभात निवून जाईल. म्हणून मी तो माझ्या सोयीने लहान करून घेतला आहे. चैत्र सरता सरता आपल्या अमरावती-अकोल्याच्या घरांतून जी माणसे मुंबई-पुण्याहून येऊन उतरतात, आंबा संपेपर्यंत राहतात आणि जाताना कुरड्यांचे डबे घेऊन गाडीत बसतात, त्यांच्याबद्दल आणि त्यांचे करणाऱ्या बाईबद्दल मी बोलणार आहे. माझे माहेर अकोल्याचे व सासर येथले, त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मला पाहावयास मिळाल्या.

पाहुण्याला बोलवावे असा आपल्याकडचा महिना खरे म्हणजे हा नव्हेच. २०२० साली मे अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. २०२४ च्या मे महिन्यात तर अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उन्हासाठी १४४ कलम लावावे लागले. दंग्याधोप्यासाठी लावावयाचे कलम उन्हासाठी लागले, यावरून काय ते समजा! भर दुपारी शिकवण्यांचे वर्ग भरवू नयेत, कामगारांना पाणी-पंख्याची सोय करावी, असे त्या हुकुमात होते. आणि नेमक्या याच दिवसांत शाळांना सुट्या, याच दिवसांत लग्ने, आणि याच दिवसांत नणंदबाईंचे पत्र, आता पत्र कसले, फोन, की "वहिनी, आम्ही शुक्रवारी निघतो."

ग्रीस देशातील समुद्रकाठच्या खेड्यांचीही गोष्ट अशीच आहे. अथेन्स शहरात किंवा परदेशात पोटामागे गेलेली माणसे ऑगस्ट महिन्यात आपापल्या गावी परततात. १५ ऑगस्टला तिकडे मरीयामातेचा मोठा सण असतो, तोवर गाव भरून जाते. आजी अंगणात टेबले मांडते, माशांचे व वांग्यांचे पदार्थ करते, घरात दाटी झाली की पोरे गच्चीवर निजतात. ग्रीकांच्या भाषेत परक्याला आणि पाहुण्याला मुळात शब्दच एक. हे सारे वाचले की आपलेच घर डोळ्यांपुढे येते. फरक एवढाच की त्यांच्या दाराशी समुद्र आहे. पोरे उकाड्याने किरकिरू लागली की त्यांना पाण्यात सोडून दिले, काम झाले. आपल्या दाराशी काय आहे? आपली पूर्णा मे महिन्यात ठिकठिकाणी कोरडी पडते, आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली तरी पाणी खारट लागते. दर्यापूरकडच्या, अकोटकडच्या भगिनी येथे बसल्या आहेत. त्यांना मी हे सांगावयास नको. ज्या गावात डाळ शिजावयास गोडे पाणी दुरून आणावे लागते, त्या गावातल्या बाईने दारात आलेल्या पाहुण्यापुढे आधी तांब्याच करावा, ही आपली रीत. "या, बसा, पानी घ्या," हे तीन शब्द वऱ्हाडात चुकत नाहीत. अक्षय तृतीयेला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो, तीही पाण्याचीच. वर्षाचा पहिला पाहुणा पितर, आणि त्याला पहिले देणे पाणी. त्यानंतरच आपल्या घरी आमरसाला हात लागतो.

शहरातही पाण्याचा हिशेब करावाच लागतो. अमरावतीला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी येऊ लागल्यापासून आपले बरे चालले आहे. अकोल्याचे पाणी काटेपूर्णेवरील महानच्या धरणातून येते, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी नळाची पाळी कितीतरी दिवसांवर जाते. त्या दिवसांत चार माणसांच्या घरात अकरा माणसे झाली म्हणजे बाईच्या डोक्यात रात्रंदिवस एकच गणित चालते: टाकी किती खाली गेली? मुंबईहून आलेल्या पाहुणीला ते कळत नाही. तिच्या घरी तोटी सोडली की पाणी येते. शिवाय आता कूलर आहे. वाळ्याच्या ताट्यांना चार वेळा पाणी मारले की दिवस निघत असे. कूलरच्या पोटात पाणी ओतून ओतून कंबर मोडते. बरे, तो बंदही ठेवता येत नाही, कारण पाहुण्यांच्या लेकराला घामोळे येते.

जुन्या धाब्याच्या घरांची आठवण अशा वेळी होते. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचे धाबे, लहान खिडक्या; दुपारी आत गेले की डोळ्यांना काही दिसत नसे, पण जिवाला थंड वाटे. संध्याकाळी धाब्यावर पाणी शिंपडावयाचे, बाजा टाकावयाच्या, आणि दहा-बारा पोरे ओळीने निजवावयाची. त्या घरात पंधरा पाहुणे सहज मावत. आता सिमेंटच्या गच्च्या रात्री बारापर्यंत तव्यासारख्या तापलेल्या असतात. दोन खोल्यांच्या सदनिकेत पाचवा माणूस आला की सतरंजी कोठे घालावी हा प्रश्न. पाहुणचार कमी झाला म्हणून जी मंडळी नव्या सुनांना नावे ठेवतात, त्यांनी आधी खोल्या मोजाव्यात.

खाण्याच्या बाबतीत मात्र वऱ्हाडने कोणापुढे मान खाली घालावी असे काही नाही. आमरस आणि सरगुंडे! काडीवर कणीक गुंडाळून वाळवलेले ते सरगुंडे पुण्याच्या जावयाने प्रथम पाहिले तेव्हा ते कशाशी खातात हेच त्याला कळेना. नंतर त्याला आवर म्हणावे लागले. शेतावर नेऊन गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. घरी गोळ्यांची कढी, पाटोडीचा रस्सा. यात एक गोष्ट ध्यानी घ्या. हे सगळे पदार्थ रुचकर आहेत आणि सगळेच वेळखाऊ आहेत. सरगुंडे फेब्रुवारी-मार्चमध्ये करून ठेवावे लागतात. रोडग्यांची कणीक घट्ट तिंबावी लागते. पाहुण्यांना जे दोन घासांत आवडते त्यामागे घरच्या बाईचे दोन महिने असतात, आणि ती बाई बहुधा शेवटच्या पंगतीला, उरल्यासुरल्या रसावर जेवते.

आता मी माझ्या मुद्द्यावर येते. सगळे म्हणतात 'मामाचे घर'. मामा काय करतो? स्टेशनावर घ्यावयास जातो, आंब्याची पेटी आणतो, संध्याकाळी पोरांना फिरावयास नेतो. घर चालवते ती मामी. जे नणंदेचे माहेर ते मामीचे सासर. एकाच छपराखाली, एकाच महिन्यात, एकीची विश्रांती आणि दुसरीची धांदल. पण मामी तरी काय मामी म्हणूनच जन्माला आली? तिलाही कोठेतरी माहेर आहे, तेथेही कोणी वहिनी आहे, आणि तिची आईसुद्धा मे महिन्यातच तिची वाट पाहते.

आमच्या आळीतील एका घराचे सांगते. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी मनात ठेवावे. या घरी तीन नणंदा, मुंबईची, पुण्याची आणि नाशिकची. तिघींची मिळून पाच लेकरे. दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात येत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात जात. आपल्याकडे शाळा उशिरा उघडतात. २०२५ साली बाकीच्या महाराष्ट्रात त्या १६ जूनला उघडल्या आणि विदर्भात २३ जूनला. म्हणजे पाहुणे गेल्यावर वहिनीला दोन आठवडे मिळावयास हवेत. पण त्या दोन आठवड्यांत सासूबाईंचा थकवा, बियाण्याची धावपळ, पावसाआधी घर शाकारणे. असे करता करता त्या बाईला सहा वर्षे उन्हाळ्यात माहेरी जाता आले नव्हते. माहेर काही लंडनला नाही, अकोटला. एस.टी.ने काही तासांची वाट. दिवाळीत एक रात्र जाई, भाऊबीज उरकून परत येई. तिकडे आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होते. आई फोनवर एवढेच म्हणे, "येजो वं, जमन तवा."

तिने तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर 'नणंदा जड झाल्या' हा शिक्का बसला असता, आणि तो शिक्का आपल्या समाजात लवकर पुसत नाही. गोष्ट निघाली ती थोरल्या नणंदेकडून. ती मुंबईला नोकरी करणारी, बोलावयास फटकळ. एका दुपारी कुरड्या तळताना तिने सहज विचारले, "वहिनी, तू कधी जातेस गं?" वहिनी हसली आणि झारा फिरवीत राहिली. नणंदेने तो प्रश्न रात्री जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, आपल्या आईला विचारला.

सासूबाई रागावल्या, हे मी लपवीत नाही. त्यांचे म्हणणे असे की लेकी माहेरी येतात त्या काय चुलीपुढे बसावयास? त्या सासरी वर्षभर राबतातच. हे म्हणणे खोटे नाही. सासूबाईंच्या मनात लेकींचे सुख होते, आणि आपल्या काळी आपल्याला कोणी असे विचारले नाही याचे जुने दुःखही असावे. दोन दिवस घरात कोणी मोकळे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी थोरलीने वहिनीची पिशवी स्वतः भरली आणि भावाला म्हणाली, "तू तिला सोडून ये, आणि येताना एकटा ये." वहिनी दहा दिवस अकोटला राहिली. आईला दवाखान्यात दाखवले, एका डोळ्याची शस्त्रक्रिया करवून घेतली आणि मग परतली.

इकडे त्या दहा दिवसांत सगळे गोड झाले असे समजू नका. धाकट्या दोघींची भांडी घासण्यावरून बोलाचाली झाली. वरण दोनदा करपले. पुण्याच्या जावयाला आपला चहा आपण करावा लागला, तो त्याला मानवला नाही. टाकी एकदा संपूर्ण रिकामी झाली, तेव्हा कोठे मुंबईकर भाच्यांना समजले की मामी अंघोळीला एकच बादली का देते. पण पुढच्या वर्षापासून त्या घरी ठराव झाला की नणंदा एकाच वेळी न येता दोन तुकड्यांनी येतील, आणि मधले दहा दिवस वहिनीचे. गेल्या चार वर्षांत तो मोडलेला नाही. सासूबाई अजून नाक मुरडतात. मुरडोत.

पाहुण्याने काम करावे हे आपल्या परंपरेत बसत नाही असे कोणी म्हणेल तर मी गाडगेबाबांचे नाव घेईन. बाबांचा जन्म १८७६ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या शेणगावचा. पण वडील लवकर गेले आणि ते मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. त्यांचे 'मामाचे घर' सुटीचे नव्हते. गुरे राखली, शेतात राबले. पुढे ज्या गावात जात त्या गावात आधी झाडू हाती घेत, गाव स्वच्छ करीत आणि मग भाकर मागत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या दुसऱ्यांसाठी. १९५६ च्या डिसेंबरात वलगावनजीक वाटेतच त्यांनी देह ठेवला, आणि आपल्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. ज्या गावात ही समाधी आहे त्या गावातल्या भाच्याने आपले ताट उचलून ठेवावे, एवढे मागणे काही फार नाही. भाचीला आपण ते आपोआपच सांगतो. मी भाच्याबद्दल बोलते आहे.

माहेरपणाच्या या गोडीत एक कडू बीही आहे, आणि बायकांच्याच सभेत ते बोलावयाचे नाही तर कोठे बोलावयाचे? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही ती मुलाप्रमाणे जन्मानेच हिस्सेदार झाली. आणि त्या तारखेला बाप हयात नसला तरी तिचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. हे सगळे कागदावर आहे. प्रत्यक्षात काय होते? बाप गेल्यावर सात-बारावर वारसांची नावे लागावयाची वेळ येते, आणि बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करून मोकळ्या होतात. का? तर माहेर तुटू नये म्हणून. उन्हाळ्यात चार दिवस हक्काने जाता यावे, भावाने साडी नेसवावी, एवढ्यासाठी चार एकर. मी कोणाला सही करू नका असे सांगत नाही. भावाची परिस्थिती पाहून कोणी आनंदाने सोडीत असेल तर तो तिचा अधिकार. पण जी सोडते तिने काय सोडते हे वाचून सोडावे. आणि जी वहिनी नणंदेच्या चार दिवसांच्या मुक्कामाने कपाळाला आठी घालते, तिने तो कागद एकदा आठवावा. येथे मी नणंदेच्या बाजूने बोलते आहे. मघाशी वहिनीच्या बाजूने बोलले. मी दोन्ही आहे, तुम्हीही आहात.

याच्या उलट दुसरे चित्र. आपल्या मंडळातल्याच कितीतरी घरी आता दोघेच म्हातारे. एक मुलगा पुण्याला, एक परदेशी. तिकडची नातवंडे उन्हाळ्याचे वर्ग, पोहणे, सहली यांत अडकलेली. आई-बाप दोघेही नोकरीचे, रजा आठ दिवसांची. आठांतले दोन प्रवासात जातात. आजी फेब्रुवारीपासून शेवया करून ठेवते, निवृत्तिवेतनातून नवा कूलर घेते, आणि नातू येतो तो "इथे फारच गरम होतं" म्हणून चौथ्या दिवशी चिखलदऱ्याला जाऊ या म्हणतो. जावे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच, तेथे वारा थंड असतो, कॉफीची झाडे दिसतात, कीचकाला भीमाने मारून दरीत टाकले ती दरी दाखविता येते. माझे म्हणणे एवढेच की गाडीत आजीलाही जागा ठेवावी. पहाटे चारला उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यावयाची, आणि मग "तुला घाट सोसणार नाही" असे ऐकून दारात उभे राहावयाचे, हे मी एकाहून अधिक घरी पाहिले आहे. सोसतो की नाही हे तिला विचारावे.

पूर्वी पाहुणे येत तेही मजेचे होते. मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून 'शकुंतले'त बसावयाचे, मग ती एका अंगाने अचलपूरला व दुसऱ्या अंगाने यवतमाळला धिम्या चालीने नेई. ती नॅरोगेज गाडी आता बंद पडली. आता रात्री मुंबईत बसले की सकाळी अमरावतीत उतरता येते. येणे सोपे झाले आणि राहणे अवघड झाले. आपल्याच जिल्ह्यातले कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर मानतात. आषाढीला तेथून तिची पालखी पंढरपूरला निघते. माहेराने लेकीच्या घरी चालत जावयाचे, हीही रीत आपल्याकडे आहे. जे म्हातारे आई-बाप अजून हिंडते-फिरते आहेत त्यांनी एखाद्या वर्षी उन्हाळ्यात स्वतःच लेकीकडे जाऊन राहावे. त्यात कमीपणा नाही. लेकीच्या घरचे पाणी पिऊ नये हे जुने खूळ आता सोडावे.

प्रकृतीविषयी दोन शब्द, कारण दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी हे होते. बाहेरगावच्या लेकराला आपले ऊन ठाऊक नसते. अकरा ते चार त्याला बाहेर सोडू नका. सोडलेच तर डोके-कान दुपट्ट्याने बांधून. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी माठाशेजारी झाकून ठेवा, चमचा चहाचा. जुलाब-उलट्या झाल्या तर हेच पाणी थोडे थोडे देत राहावे. पन्हे चांगलेच, पण पन्ह्यावर सगळा भरवसा टाकू नये. माणूस तापून लाल झाला, बरळू लागला, शुद्ध हरपू लागली, तर ते लागलेले ऊन साधे नव्हे: कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका. कांदा खिशात ठेवावयाचा असेल तर ठेवा. त्याने नुकसान नाही, पण कांद्याच्या भरवशावर दुपारी बाजारात जाऊ नका.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते आणि बसते. आपल्याकडे मंडळाची मोठी पातेली, परात, ताटे-वाट्या आहेत. हळदीकुंकवाला व बारशाला त्या सभासदांना मिळतात. एप्रिल ते जून त्यांत सहा गाद्या, बारा चादरी आणि दोन कूलर यांची भर घालावी. ज्या घरी पाहुणे असतील त्यांनी आठवड्याच्या बोलीने न्यावे, धुऊन परत करावे. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मंडळाच्या दिवाणखान्यात पाहुण्या मुलांसाठी गोष्टी, खेळ आणि भेळ, असा दोन तासांचा कार्यक्रम ठेवावा. तेवढा वेळ त्यांच्या मामीला रिकामा मिळेल. तिने त्या दोन तासांत काय करावे हे मंडळाने विचारू नये. खर्चाचा अंदाज मी खजिनदारबाईंकडे लिहून दिला आहे. ज्यांना आपले नाव घालावयाचे असेल त्यांच्यासाठी वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पेन दोरीने बांधलेले आहे, ते कोणी नेऊ नये.